बिनव्याजी पेढी आणि तिचे दोन राखणदार

व्याज हा विषय हिशेबाच्या वहीत लिहिला जातो. पण त्याचा वाद माणसाच्या धर्मबुद्धीत फार पूर्वीपासून चालत आला आहे. दिलेल्या पैशावर वाढीव पैसा घ्यावा की घेऊ नये, घ्यावा तर किती, आणि कोणाकडून, हे प्रश्न जगातील बहुतेक धर्मशास्त्रांनी विचारले आहेत. इस्लामने त्यांचे उत्तर सर्वांत निश्चयाने दिले. कर्जावरील ठरीव वाढ, जिला ‘रिबा’ म्हणतात, ती कुराणाने निषिद्ध मानली. या निषेधाच्या पायावर गेल्या साठ वर्षांत जगात एक बँकव्यवस्था उभी राहिली. तिला ‘इस्लामी बँक’ म्हणतात. आज तिचे धार्मिक अंग थोडक्यात पाहून मुख्यतः एका व्यावहारिक प्रश्नाकडे वळावयाचे आहे. अशा पेढीवर देखरेख कोणी करावी? धर्म जाणणाऱ्यांनी, की कायदा चालविणाऱ्यांनी?

वडवणीसारख्या बाजारगावात हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. आपण रोज बोलतो ते कर्ज, जामीन, तगादा, वसूल, रक्कम, दलाल, हवाला हे सारे शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत येऊन स्थिरावले आहेत. शिवाय 1948 पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे ज्या राज्याचा राजा मुसलमान होता, त्या राज्यात व्याजाचे काय झाले, हा आपल्याच आजोबा-पणजोबांचा इतिहास आहे.

प्रथम आपल्याकडील दुसरी परंपरा लक्षात घेऊ. हिंदू धर्मशास्त्राने व्याज निषिद्ध केले नाही. त्याला लगाम घातला. पैशावरील एकरकमी व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा मनुस्मृतीतील दंडक. यालाच आपण ‘दामदुपट’ म्हणतो. शंभर रुपये घेतले तर एका वेळी दोनशेंच्या वर मागता येत नाही. इंग्रजी अमलात 1855 साली एक कायदा होऊन व्याजाच्या दरावरील जुनी बंधने काढून टाकण्यात आली. जो दर करारात लिहिला असेल, तो कोर्टाने मान्य करावा, असे ठरले. तरीही मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी दामदुपट जिवंत ठेवली. पण कर्जदार हिंदू असेल तरच. कर्जदार मुसलमान असेल तर त्याला या नियमाचा आसरा नव्हता. तिकडे रिबाचा निषेधही इंग्रजी कोर्टात चालत नव्हता. अशा रीतीने मुसलमान कर्जदाराला ना स्वतःच्या धर्माचे संरक्षण, ना शेजाऱ्याच्या. पुढे 1937 साली मुस्लिम व्यक्तिगत कायद्यास शरियत लागू करणारा कायदा झाला. त्यात विवाह, मेहर, वारसा, बक्षीस, वक्फ हे विषय आले, परंतु व्याज आले नाही.

1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने ही विसंगती बऱ्याच अंशी दूर केली. मुद्दलापेक्षा अधिक व्याजाचा हुकूमनामा कोणत्याही न्यायालयाने देऊ नये, असे त्यात लिहिले गेले. कर्जदाराची जात वा धर्म विचारण्याची गरज उरली नाही. एका समाजाच्या धर्मशास्त्रातील नियम सर्वांच्या कायद्यात आला, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. कारण त्यातला न्याय सर्वांना पटण्यासारखा होता. हे उदाहरण पुढे उपयोगी पडेल, म्हणून ध्यानात ठेवावे.

आता निजामाच्या राज्याकडे वळू. राजा मुसलमान म्हणजे राज्य बिनव्याजी, असे कोणास वाटेल तर इतिहास त्याचा भ्रम फेडील. 1814 साली हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निघाली. तिने निजामाच्या सरकारला शेकडा 24-25 पर्यंत दराने कर्जे दिली. हे देणे इतके फुगले की 1823 साली ते भागविण्यासाठी निजामाने उत्तर सरकार प्रांताबद्दल ईस्ट इंडिया कंपनीकडून दरसाल मिळणारी 7 लाखांची पेशकश कायमची सोडून दिली आणि त्याबदली सुमारे 1 कोटी 16 लाख रुपये घेतले. तरी कर्ज संपले नाही. कंपनीच्या फौजेचा खर्च थकत गेला आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या शेजारचा धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1860 साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले व 50 लाखांचे देणे माफ झाले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच. कर्जापायी शेत जाते हे आपण पाहतो. येथे जिल्हेच्या जिल्हे गेले.

खेड्यापाड्यांतील चित्रही निराळे नव्हते. मराठवाड्यात मारवाडी, गुजराती, लिंगायत वाणी, ब्राह्मण असे सावकार होतेच. त्यांच्या जोडीला अरब आणि रोहिले होते. निजामाच्या फौजेतील अरब जमादार सरदारांना कर्ज देत आणि जहागिरी तारण घेत. रोहिला गावोगाव फिरून पैसा देई आणि तो वसूल करताना काठी पुढे करी. हे सावकार मुसलमान होते, ऋणको पुष्कळदा मुसलमान होते, तरी व्याज चालूच होते. तात्पर्य, सावकाराचा धर्म पाहून व्याजाचा दर ठरत नाही. अडल्या माणसाची गरज पाहून ठरतो.

निजामाच्या राज्यात ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचे एक धार्मिक खाते होते. मशिदी, दर्गे, देवळे यांची व्यवस्था ते पाही. परंतु पेढ्यांचे व्यवहार या खात्याच्या नजरेखालून जात नसत. सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो हिंदुस्थान सरकारच्या कायद्याच्या धर्तीवर. फसली सन 1349 मध्ये, म्हणजे 1939-40 च्या सुमारास, सावकारांसाठी कायदा झाला तोही परवाना आणि हिशेब यांच्या भाषेत. 1941 च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली, ती व्याजावर चालणारीच होती. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून मराठवाड्याच्या गावोगावी पोहोचली आणि 2017 साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

सरकारने जे केले नाही ते काही सामान्य लोकांनी आपापल्या परीने करून पाहिले. हैदराबाद शहरात बिनव्याजी कर्ज देणाऱ्या मंडळ्या निघाल्या. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी जमा करावयाची आणि गरजूने जामीन देऊन त्यातून कर्ज घ्यावयाचे. परत करताना मुद्दल तेवढे द्यावयाचे. याला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणजे भले कर्ज म्हणतात. उस्मानिया विद्यापीठातील विद्वान मुहम्मद हमीदुल्ला यांनी 1940 च्या दशकात या मंडळ्यांचे महत्त्व लेखांतून मांडले. त्याच विद्यापीठात मनाझिर अहसन गिलानी यांनी इस्लामी अर्थव्यवहारावर उर्दूत ग्रंथ लिहिला, आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक अन्वर इक्बाल कुरेशी यांनी व्याजाच्या सिद्धांतावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. इस्लामी बँकेची कल्पना अरबस्तानातील तेलाच्या पैशातून जन्मली, असा समज आहे. तो अपुरा आहे. तिच्या आरंभीच्या विचारवंतांत हैदराबादचे हे लोक होते, आणि त्या वेळी बीड त्याच राज्यात होते.

प्रत्यक्ष बँक मात्र बाहेर निघाली. 1963 साली इजिप्तमधील मीत घम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी एक बचत पेढी काढली. ती खेडुतांची होती आणि व्याज देत-घेत नव्हती. 1975 साली दुबई इस्लामिक बँक व जेद्दा येथील इस्लामिक विकास बँक सुरू झाल्या. 1983 साली मलेशियाने इस्लामी बँकांसाठी वेगळा कायदा केला.

व्याज नाही तर बँक चालते कशावर? याची रीत एका घरगुती उदाहरणाने सांगतो. एका शेतकऱ्याला 80 हजारांची म्हैस घ्यावयाची आहे. साधी बँक त्याला 80 हजार रुपये देईल आणि त्यावर व्याज लावील. इस्लामी बँक स्वतः म्हैस 80 हजारांना विकत घेईल आणि शेतकऱ्याला 92 हजारांना, वर्षभराच्या हप्त्यांनी विकील. हा नफा विक्रीचा आहे, कर्जावरील वाढ नव्हे. म्हणून तो चालतो. याला ‘मुराबहा’ म्हणतात. भांडवल एकाचे, कष्ट दुसऱ्याचे आणि नफा वाटून, ही ‘मुदारबा’. दोघांचेही भांडवल असेल तर ‘मुशारका’. आणि वस्तू भाड्याने देणे हा ‘इजारा’. इजारा आणि इजारदार हे शब्द आपल्या जुन्या दप्तरांत आहेतच. तेथे अर्थ वसुलीच्या मक्त्याचा, येथे भाड्याचा.

यावर चतुर श्रोता विचारील, की 80 चे 92 झाले म्हणजे शेकडा 15 व्याजच की! नाव तेवढे बदलले. ही शंका वाजवी आहे, आणि धार्मिक देखरेखीची गरज नेमकी येथेच उत्पन्न होते. व्यवहार खरा विक्रीचा आहे की कागदी, याची कसोटी एका प्रश्नात आहे. म्हैस बँकेच्या मालकीची असताना मेली, तर नुकसान कोणाचे? बँकेने ते सोसले तर तिने व्यापार केला; शेतकऱ्याच्या गळ्यात घातले तर तिने व्याजच घेतले. हप्ता चुकला तर रक्कम वाढवून बँकेने आपली कमाई करता कामा नये. दंड घेतलाच तर तो दानधर्मात जावा, असा बहुतेक मंडळांचा दंडक आहे. हे सारे तपासण्यासाठी प्रत्येक बँकेत शास्त्र जाणणाऱ्यांचे एक शरिया मंडळ असते.

पण या मंडळाचे मानधन कोण देतो? ज्या बँकेची तपासणी करावयाची तीच देते. शिवाय एकाच विद्वानाचे नाव अनेक बँकांच्या मंडळांवर आढळते. म्हणून काही देशांनी यावर वरचे मंडळ नेमले. 1991 साली बहरीनमध्ये इस्लामी पेढ्यांच्या हिशेबाचे व तपासणीचे नियम ठरविणारी संस्था नोंदली गेली. मलेशियाने 1997 साली मध्यवर्ती बँकेतच शरिया सल्लागार परिषद बसविली, आणि 2009 च्या कायद्याने तिचे निर्णय न्यायालयांवरही बंधनकारक केले. पाकिस्तानात उलट घडले. तेथे 1991 साली संघीय शरियत न्यायालयाने व्याजाविरुद्ध निकाल दिला, 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, 2002 साली तो परत फेरविचारास गेला आणि 2022 साली पुन्हा व्याजाविरुद्ध निकाल आला. तीस वर्षे खटला चालला आणि बँका बहुतांशी व्याजावरच चालत राहिल्या. निकाल देणे एक, आणि व्यवस्था उभी करणे दुसरे.

धर्म आणि कायदा यांची सर्वांत बोधप्रद गाठ ब्रिटनमध्ये पडली. 2004 साली तेथे इस्लामिक बँक ऑफ ब्रिटन सुरू झाली. इस्लामी तत्त्वाप्रमाणे नफ्यात वाटा घेणाऱ्या ठेवीदाराने तोट्यातही वाटा उचलला पाहिजे. ब्रिटिश कायदा म्हणतो, ठेव म्हणजे ठेव. ती पूर्ण परत मिळण्याचा हक्क ठेवीदाराला असलाच पाहिजे. अखेर तोड अशी निघाली, की बँकेने पूर्ण ठेव परत देऊ केलीच पाहिजे. परंतु धर्मबुद्धीला स्मरून ठेवीदार ती पूर्ण घेण्याचे नाकारू शकतो. नियंत्रकाने आपला मुद्दा सोडला नाही, आणि धार्मिक मंडळानेही आपला सोडला नाही. त्यापूर्वी 2003 साली तेथील सरकारने आणखी एक अडचण दूर केली होती. घर आधी बँकेने आणि मग ग्राहकाने घेतले म्हणजे मुद्रांक शुल्क दोनदा लागे. ते एकदाच लागेल, अशी तजवीज कायद्यात झाली.

भारतात ही गाठ अद्याप सुटलेली नाही. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे बँकिंग म्हणजे कर्ज देण्यासाठी वा गुंतविण्यासाठी लोकांकडून परत करावयाच्या ठेवी घेणे. त्याच कायद्याने बँकेला मालाचा व्यापार करण्यास मनाई आहे, आणि स्वतःच्या वापराबाहेरची स्थावर मिळकत सात वर्षांपेक्षा अधिक काळ ठेवण्यासही मनाई आहे. म्हणजे बँकेने म्हैस विकत घेऊन विकणे हेच मुळी बसत नाही. ही कलमे कोणत्याही धर्माविरुद्ध लिहिलेली नाहीत. व्यापारात ठेवीदाराचा पैसा बुडू नये, हा त्यांचा हेतू आहे. रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासगटाने 2006 साली हेच सांगितले, की प्रचलित कायद्यात अशी बँक चालणार नाही. 2008 साली रघुराम राजन समितीने मात्र बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा, असे म्हटले. व्याजाच्या भयाने जे बँकेपासून दूर राहतात, त्यांना जवळ आणण्याचा हा मार्ग आहे, असा तिचा दृष्टिकोन होता. 2015 साली दीपक मोहंती समितीने साध्या बँकांतच बिनव्याजी खिडकी उघडावी, अशी शिफारस केली. 2017 साली रिझर्व्ह बँकेने माहितीच्या अधिकारातील उत्तरात कळविले, की हा प्रस्ताव पुढे न्यावयाचा नाही. बँकसेवा सर्व नागरिकांना समान खुल्या आहेत. केरळात सरकारी महामंडळाच्या भागीदारीने इस्लामी वित्तसंस्था काढण्याचे ठरले होते; त्यास घेतलेली हरकत 2011 साली तेथील उच्च न्यायालयाने फेटाळली. तरी बँकेचा परवाना ही निराळी गोष्ट, तो मिळाला नाही.

महाराष्ट्रात हा प्रयत्न सहकाराच्या वाटेने झाला. मुंबईत 1976 साली ‘बैतुन्नस्र’ ही बिनव्याजी सहकारी पतपेढी निघाली. 2016 साली आपल्यापासून फार दूर नसलेल्या बार्शीत एका सहकारी बँकेने बिनव्याजी कर्जाची योजना सुरू केली. वाद उठला आणि थोड्याच महिन्यांत योजना गुंडाळण्यात आली. तिचे गुणदोष अनुभवाने ठरण्याआधीच ती संपली, हे वाईट झाले.

यावर कोणी म्हणेल, सरकारची देखरेख नसली तर नसो. धर्माची असली म्हणजे पुरे. हा विचार किती महाग पडतो, याचे दाखले ताजे आहेत. इजिप्तमध्ये 1980 च्या दशकात ‘इस्लामी’ म्हणविणाऱ्या गुंतवणूक कंपन्यांनी बँकांपेक्षा कितीतरी अधिक परताव्याचे आमिष दाखवून लोकांची पुंजी गोळा केली. 1988 साली सरकारने कायदा केला, हिशेब मागितले, आणि मोठ्या कंपन्या कोसळल्या. आपल्याकडे बंगळूरची एक कंपनी ‘हलाल’ गुंतवणूक म्हणून पैसे घेई. ठेवीचा कायदा टाळण्यासाठी ती गुंतवणूकदाराला भागीदार करून घेत असे. जून 2019 मध्ये ती बुडाली. हजारो कुटुंबांनी दागिने विकून दिलेला पैसा अडकला. काही मौलवींनी तिची भलावण केली होती. त्यांनी पाहिले असेल ते कराराचे शब्द. तिजोरीत काय आहे, हे पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. त्याच वर्षी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला.

परंतु केवळ सरकारी नोंदणीवर विसंबूनही भागत नाही, हे बीड जिल्ह्याला शिकविण्याची गरज नाही. 2023 च्या सुमारास या जिल्ह्यातील मल्टिस्टेट पतसंस्थांच्या दारांत ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्या आपण पाहिल्या आहेत. नोंदणी 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली, निबंधक दिल्लीत, आणि ठेवीदार वडवणीत. देखरेख कोणाची, हे ठेव अडकेपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. आणखी एक गोष्ट आपल्याच तालुक्यातली. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. त्या उचलीवर पुष्कळदा व्याज लिहिलेले नसते. पण ती फिटेपर्यंत कोयता मुकादमाकडे बांधलेला राहतो, आणि कधी कधी ती पुढच्या हंगामावर जाते. व्याज नसले म्हणजे अन्याय नसतो, असे समजणाऱ्याने ही उचल पाहावी.

असो. या सर्व इतिहासाचा निष्कर्ष मला असा दिसतो. बिनव्याजी पेढीला दोन राखणदार हवेत, आणि दोघांची कामे वेगळी आहेत. करार श्रद्धेला धरून आहे की नाही, हे शास्त्र जाणणाराने पाहावे. तो स्वतंत्र असावा, त्याचे मत लेखी व जाहीर असावे. पैसा आहे की नाही, ठेव परत मिळेल की नाही, हे राज्याने पाहावे. तेथे कोणाच्या धर्माचा प्रश्न येऊ नये. एकाने दुसऱ्याचे काम अंगावर घेतले, किंवा दुसरा आहेच म्हणून डोळे मिटले, म्हणजे चोराचे फावते. आणि दामदुपटीचे उदाहरण सांगते, की धर्मातील एखादा नियम न्यायाचा असेल तर तो सर्वांच्या कायद्यात सामावून घेता येतो. त्यासाठी कोणाला आपला धर्म बदलावा लागत नाही, की लपवावा लागत नाही. ज्या मुसलमान कारागिराला व्याज घ्यावयाचे नाही, आणि ज्या हिंदू शेतकऱ्याला ते परवडत नाही, त्या दोघांची अडचण एकाच खिडकीवर सुटण्यासारखी आहे.

तोवर आपण काय करावे? कोणत्याही पेढीत पैसा ठेवताना, मग ती व्याज देणारी असो की न देणारी, तीन प्रश्न विचारावेत. हिची तपासणी कोण करतो? तपासणाराला पैसे कोण देतो? ही उद्या बुडाली तर माझी ठेव कोण देईल? रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखालील बँकांत 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. एवढी माहिती घरात सांगून ठेवली, तरी पुष्कळांची म्हातारपणाची पुंजी वाचेल.